मुलगी रात्री नऊला रोबोटिक्सहून येते, पण तिथे करते काय?

एका आईने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक कुटुंब दोन वर्षांपूर्वी पुण्याहून मिशिगनला, डेट्रॉइटच्या उपनगरात राहायला आलं. मुलगी नववीत आहे. शाळेच्या रोबोटिक्स संघात ती जाते. जानेवारीपासून आठवड्यातले चार दिवस रात्री नऊला घरी येते, शनिवारही तिकडेच जातो. बीजगणितात ‘ए’चा ‘बी’ झालाय. वडिलांचं म्हणणं, बंद करा. आई विचारते, याचा पुढे इंजिनीअरिंगला खरंच उपयोग होतो का, की नुसती हौस? आणि जाता जाता एक वाक्य लिहिते: ‘ती सध्या संघाचं इन्स्टाग्राम आणि माहितीपत्रकं बघते.’

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. तिथे येतोच. आधी माझ्याबद्दल. मी दिवसा एका मोटार कंपनीच्या पुरवठादाराकडे इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि गेली चौदा वर्षं संध्याकाळी एका शाळेच्या संघात मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक म्हणून जातो. संघ तुमच्या मुलीच्याच स्पर्धेत उतरतो, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन. माझी बायको याला ‘तुझं दुसरं ऑफिस’ म्हणते, आणि तिचं चूक नाही.

ही स्पर्धा काय आहे ते तुमच्या यजमानांना सांगायला सोपं पडावं म्हणून थोडं मागे जातो. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली. अंगावर बाळगता येणारा इन्सुलिन पंप आणि पुढे ती दोन चाकांची सेगवे गाडी त्याचीच. गंमत म्हणजे या माणसाने स्वतः कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं. खेळाडूंना मिळतात तशा टाळ्या शास्त्र करणाऱ्या पोरांनाही मिळाव्यात, हा त्याचा हट्ट. सोबत एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते. आपल्या वर्गातल्या मुलांना ते एक खोकंभर सुटे भाग द्यायचे, त्यातून यंत्र बनवायला लावायचे आणि वर्गातच त्यांची झुंज लावायचे. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. २८ संघ होते. मैदानावर मक्याचे दाणे पसरले होते आणि त्यातून रोबोंनी टेनिसचे चेंडू गोळा करायचे होते. आज अमेरिकेत सगळ्यात जास्त संघ आपल्या मिशिगनमध्ये आहेत, कारण उघड आहे: इथे मोटारींचा धंदा, त्यामुळे प्रत्येक गल्लीत एक टूलमेकर, म्हणजे कारखान्यांची हत्यारं-साचे बनवणारा, राहतो.

दर जानेवारीत एका शनिवारी नवा खेळ जाहीर होतो आणि तो दर वर्षी वेगळा असतो. २०२४ मध्ये फोमच्या नारिंगी कड्या फेकायच्या होत्या आणि शेवटी साखळीला लटकायचं होतं. २०२५ मध्ये पांढरे पीव्हीसी पाइप उंच फांद्यांवर अडकवायचे होते. तीन-तीन रोबोंच्या दोन आघाड्या, सामना साधारण अडीच मिनिटांचा. पहिली १५-२० सेकंद रोबो आपल्या प्रोग्रामवर चालतो, कोणी हात लावायचा नाही. रोबो चांगला पन्नासेक किलोचा असतो. तो ढकलला गेला तर मोठ्या माणसालाही आवरत नाही, म्हणून चष्मा आणि बंद बूट सक्तीचे.

आता मूळ मुद्दा. या चौदा वर्षांत मी बरीच मुलं पुढे इंजिनीअर झालेली पाहिली, बरीच न झालेलीही पाहिली. दोघांत फरक करणारी गोष्ट ट्रॉफी नव्हती. तीन वर्षं संघात राहून, ह्यूस्टनच्या जागतिक स्पर्धेचं जाकीट घालून मिरवलेली आणि स्क्रू कुठल्या दिशेने घट्ट होतो हे धड न सांगता येणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि राज्य स्पर्धेपर्यंतही न पोचलेल्या संघातली मुलं पाहिली आहेत, जी आज मी विचारायला जावं अशी माणसं झाली आहेत. रोबो समोर असताना तो मोडल्यावर कोण त्याच्या पोटात हात घालतं, यावर सगळं ठरतं.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आमचा रोबो तिसऱ्या सामन्यात मैदानाच्या मधोमध बंद पडला. पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद. प्रोग्रामिंगवाली मुलं लॅपटॉपवर तुटून पडली, दोन तास कोड उलटसुलट केला. शेजारच्या पिटमधून (पिट म्हणजे रोबो दुरुस्त करायची जागा) सल्ले आले, रोबोशी बिनतारी संपर्क ठेवणारा रेडिओ बदलून झाला. शेवटी एका नववीतल्या, कोणाशी फारसं न बोलणाऱ्या पोराने आपल्या परीने एकेक वायर ओढून बघायला सुरुवात केली. बॅटरीच्या टोकावरचा नट अर्धा आटा सैल होता. सहा मोटरी एकदम जोर लावायच्या, त्या सैल जोडावर व्होल्टेज पडायचं, कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटरींचा पुरवठा कापायचा, आणि आम्ही कोडला शिव्या घालत बसलो होतो. १२ व्होल्टची बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की काय होतं, हे त्या पोराला त्या दिवशी कळलं ते पुस्तकातून कधी कळलं नसतं. तो आज गाड्यांच्या वायरिंग हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यांवर काम करतो. अजूनही हार्नेस हातात आला की आधी ओढून बघतो, असं त्यानेच मला सांगितलं.

(नव्या संघांच्या मेंटॉरांसाठी: स्पर्धेच्या दिवशी रोबो मेला तर पहिला संशय बॅटरीच्या टोकांवर, दुसरा मुख्य ब्रेकरच्या जोडांवर, तिसरा रेडिओच्या प्लगवर. कोड सगळ्यात शेवटी. मुलं हे उलट्या क्रमाने करतात, कारण कोड खुर्चीत बसून बघता येतो.)

दुसरं उदाहरण गणिताचं. ते तुमच्या यजमानांसाठी. २०२३ च्या खेळात मैदानावर एक मोठी सीसॉसारखी झुलती पाटी होती. तिच्यावर चढून रोबोने ती सपाट ठेवायची, आणि पहिल्या १५ सेकंदांत हे आपोआप जमलं तर जास्त गुण. आमची अकरावीतली एक मुलगी हे करत होती. रोबो चढायचा, पाटी पुढे कलायची, तो मागे यायचा, पाटी मागे कलायची, की हा पुन्हा पुढे. अगदी आपल्याकडे पाळणा हलतो तसा. तिने वेग कमी केला. मग तो चढेचना. त्याच सुमारास तिच्या कॅल्क्युलसच्या वर्गात डेरिव्हेटिव्ह शिकवत होते आणि ‘हे कुठे वापरतात?’ हा तिचा नेहमीचा प्रश्न होता. मी तिला एवढंच म्हटलं की पाटी किती कललीय एवढंच बघू नकोस, किती वेगाने कलतेय तेही बघ. तिने कोडमध्ये एक ओळ वाढवली. रात्री साडेआठला पाटी थांबली. ती ओरडली नाही. नुसती बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, ‘म्हणजे ते खरंच आहे.’ दुसऱ्या सहामाहीत तिचं कॅल्क्युलस सुधारलं. आता हेही सांगतो की त्याच हंगामात दुसऱ्या दोघांचे गुण घसरले, कारण ते गणिताचा गृहपाठ पिटमध्ये बसून करत होते, म्हणजे करत नव्हते. रोबोटिक्समुळे गणित आपोआप येत नाही. गणित कशाला लागतं ते कळतं. गणित स्वतंत्र बसूनच करावं लागतं.

‘बी’चं काय करायचं? नववीतल्या एका ‘बी’ने कोणाचं भविष्य बुडत नाही, पण ती घसरण बीजगणितात असेल तर दुर्लक्षही करू नका. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात मुलं बहुतेक वेळा बीजगणितातच अडकतात, कॅल्क्युलसचा दोष दिसतो खरा. चारऐवजी तीन दिवस जाऊ दे. बऱ्याच संघांना हे चालतं. ज्या संघाला चालत नाही, त्याच्या मेंटॉरशी बोला, मुलीशी भांडू नका. २०२० च्या हंगामाआधी सहा आठवड्यांत रोबो बांधून पिशवीत सील करावा लागायचा, तेव्हा रात्री अकरापर्यंत थांबण्याला काही अर्थ तरी होता. तो नियम गेला. आता जो संघ मुलांना रोज उशिरापर्यंत बसवतो, तो नियोजन वाईट आहे म्हणून बसवतो.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. इन्स्टाग्राम आणि माहितीपत्रकं. ही कामं फालतू आहेत असं मी म्हणणार नाही. या स्पर्धेतला सगळ्यात मोठा मान सामने जिंकणाऱ्याला मिळत नाही. तो आपल्या गावात विज्ञान पसरवण्याचं काम केलेल्या संघाला मिळतो, आणि त्यासाठी लिहिणारी, बोलणारी मुलं लागतात. प्रायोजकांकडे जाऊन पैसे मागणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. नोंदणीलाच सहा हजार डॉलरच्या आसपास लागतात, रोबोचा खर्च वेगळा. पण एक गोष्ट मी इतक्या संघांत पाहिली आहे की आता मला ती योगायोग वाटत नाही. सप्टेंबरमध्ये मुली आणि मुलं सारखीच येतात. पहिल्या आठवड्यात कोणी तरी विचारतं, ‘तुझं अक्षर चांगलं आहे ना?’ किंवा ‘तू बोलतेस छान.’ मार्चमध्ये बघावं तर ड्रिल मशीनपाशी सगळे मुलगे, आणि पोस्टरपाशी सगळ्या मुली. कोणी मुद्दाम केलेलं नसतं. कोणी थांबवलेलंही नसतं.

ब्रँडाइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ पासून फर्स्टच्या मुलांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला आणि अशा स्पर्धांत नसलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. विज्ञान-तंत्रज्ञानाची ओढ या मुलांत जास्त वाढलेली दिसली, आणि मुलींमध्ये तो परिणाम मुलग्यांपेक्षाही मोठा दिसला. मला ते पटतं. माझ्या अनुभवानुसार याला एक जोड द्यावी लागेल: ती मुलगी यंत्राजवळ गेली तर. तुमची मुलगी रात्री नऊपर्यंत पोस्टर बनवत असेल, तर ती पोस्टर बनवायला शिकतेय. तेच तिला हवं असेल तर ठीक. इंजिनीअरिंगसाठी म्हणून तुम्ही तिला पाठवत असाल, तर तिला एवढंच विचारा: ‘काल काय मोडलं, आणि का मोडलं ते कसं शोधलं?’ रोज विचारू नका, मुलं कंटाळतात. आठवड्यातून एकदा. महिनाभर तिच्याकडे उत्तर नसेल, तर तिला काम बदलून मागायला सांगा. फोन तुम्ही करू नका, तिलाच मागू दे. सरळ म्हणायचं, ‘मला आठवड्यातले दोन दिवस इलेक्ट्रिकलला बसायचंय.’ नकार देणारा मेंटॉर मी तरी पाहिलेला नाही, आमच्यापैकी बहुतेकांना वायर क्रिंप करणारे, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टोक दाबून बसवणारे हात कमीच पडतात.

एक जागा मात्र मुद्दाम सुचवतो, कारण तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं: स्काउटिंग. स्पर्धेत सहा मुलं गॅलरीत बसतात, प्रत्येक जण एकेका रोबोवर डोळा ठेवून नोंदी करतो. दुसऱ्या दिवशी वरचे आठ संघ आपापल्या आघाड्या निवडतात, तेव्हा त्या नोंदींवरूनच कोणाला घ्यायचं ते ठरतं. वरवर कंटाळवाणं काम आहे. पण तीन रोबोंच्या आघाडीला मिळून गुण मिळतात, मग त्यात एकट्या रोबोचा वाटा किती, हे कसं काढायचं? सगळ्या सामन्यांची समीकरणं मांडून ती एकदम सोडवायची. याला ओपीआर (ऑफेन्सिव्ह पॉवर रेटिंग) म्हणतात, आणि हे सरळ सरळ कॉलेजातलं लिनियर अल्जिब्रा आहे. आमच्या एका दहावीतल्या मुलीने ते स्प्रेडशीटमध्ये बसवलं आणि मग आकडे आणि डोळ्यांनी दिसलेलं यांचा मेळ बसेना, म्हणून दोन दिवस भांडत राहिली. शेवटी बरोबर तीच निघाली. एक रोबो चांगला वाटत होता, कारण त्याचे जोडीदार दर वेळी चांगले पडत होते.

कॉलेजवाले याला महत्त्व देतात का, असं तुम्ही विचारलंत. निबंधात नुसतं ‘मी रोबोटिक्समध्ये होते’ लिहिलं तर काही नाही, तसं हजारो लिहितात. ‘आमची लिफ्ट तिसऱ्या सामन्यात अडकली, कारण मी बेल्टचा ताण मोजला नव्हता’ असं लिहिलं तर वाचणारा थांबतो. शिष्यवृत्त्याही आहेत, बरीच विद्यापीठं फर्स्टच्या मुलांसाठी राखून ठेवतात. पण इथे तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपली बरीच कुटुंबं ती उशिरा शिकतात. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मुलगी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहे. संघात असायला काही अडचण नाही. पण उन्हाळ्यात कंपनी पगारी इंटर्नशिप देऊ करते, ती तिला घेता येत नाही. कित्येक शिष्यवृत्त्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. आणि २१ व्या वर्षी तिचा अवलंबित दर्जा संपतो. यासाठी वकिलाशी दहावीतच बोलून ठेवा, बारावीत नाही.

हे बोलताना मला दर वेळी फिनिक्सचा एक संघ आठवतो. २००४ मध्ये कार्ल हेडन या सरकारी शाळेतली चार मुलं पाण्याखालच्या रोबोंच्या एका स्पर्धेत उतरली. मेक्सिकोतून लहानपणी आलेली, कागदपत्रं नसलेली. रोबो पीव्हीसी पाइपचा. त्या पाइपच्या गोंदाला वास इतका यायचा की रोबोचं नावच ‘स्टिंकी’ पडलं. ऐन वेळी त्यात पाणी शिरू लागलं, तेव्हा ते शोषायला या पोरांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत कोंबले. आणि विद्यापीठांच्या गटात खेळून एमआयटीच्या संघालाही मागे टाकलं. याच्यावर पुढे सिनेमा आला. पण लोक गोष्ट इथेच थांबवतात. २००६ मध्ये अ‍ॅरिझोनात मतदानाने कायदा झाला की कागदपत्रं नसलेल्यांना राज्यातल्या मुलांची फी लागू होणार नाही. त्यानंतर चौघांतल्या एकाला वाढलेल्या फीपायी विद्यापीठ सोडावं लागलं. ऑस्कर वास्केझ टिकून राहिला. त्याने २००९ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेतली, आणि मग कागद नीट करायला मेक्सिकोला परत गेला. अक्कल, हात, मेंटॉर सगळं होतं त्यांच्याकडे. पुढची दारं त्यांच्यासाठी बंद होती. आपल्या मुलांची परिस्थिती तेवढी कठीण नाही, पण व्हिसाचे दिवस मोजण्यात आपलीही वर्षं जातात. म्हणून म्हटलं, आधी बोलून ठेवा.

पुण्याहून तुमच्या जावेचाही प्रश्न होता, की तिथल्या मुलाला यातलं काय मिळेल. थोडक्यात: जेईईत किंवा एमएचटी-सीईटीत याचा एकही गुण मिळत नाही, ही अपेक्षा आधीच सोडून द्यावी. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते बघावं. २०१६ पासून केंद्राच्या योजनेतून सहावी ते बारावीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळून त्या उभ्या राहिल्या आहेत. कित्येक शाळांत त्यातला थ्रीडी प्रिंटर कपड्याखाली झाकलेला असतो, तेव्हा विचारावं लागतं. आणि गल्लोगल्लीच्या ‘रोबोटिक्स क्लास’बद्दल सावध. तयार किट, पायरी-पायरीची पुस्तिका, शेवटी सगळ्यांचा सारखाच रोबो आणि सगळ्यांना प्रमाणपत्र. तिथे काही मोडत नाही, म्हणजे काही शिकणं होत नाही. त्यापेक्षा फर्स्टचीच लहान स्पर्धा, टेक चॅलेंज, भारतातही होते. तिचा रोबो सुरुवातीला १८ इंचांच्या चौकोनी खोक्यात मावावा लागतो आणि खर्च बराच कमी. आणि रोबोकॉन पूर्वी पुण्यात बालेवाडीला व्हायची, अलीकडे दिल्लीत होते; जमलं तर मुलाला घेऊन प्रेक्षकांत जाऊन बसावं. ती कॉलेजच्या मुलांची स्पर्धा, पण डोळे उघडतात. २००८ मध्ये आशियाची अंतिम फेरीच पुण्यात झाली होती, आणि त्या वर्षीचा खेळ गोविंदा होता: रोबोंनी दहीहंडीसारखं उंच टांगलेलं लोणी काढायचं. परदेशी संघांना तो खेळ समजावून सांगताना किती मजा आली असेल!

शेवटी तुमच्या स्वतःबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘मला इंजिनीअरिंगमधलं काही कळत नाही, मी कशी मदत करणार?’ मेंटॉर होण्यासाठी आधी तुमची पार्श्वभूमी तपासली जाते, ती ऑनलाइन होते, थोडे दिवस लागतात. ते करून घ्या. मग शनिवारी दुपारी जा आणि नुसत्या बसा, मुलीच्या शेजारी नको, दुसऱ्या कोपऱ्यात. तासाभरात तुम्हाला कळेल की रोबो कोण बांधतंय, मुलं की मोठी माणसं. काही संघांत मेंटॉरच पाना हातातून सोडत नाहीत. असं दिसलं, तर मग तुमच्या यजमानांशी मी सहमत आहे, त्या संघातून काढा आणि शेजारच्या शाळेचा बघा. जाताना चाळीस जणांना पुरतील एवढे कांदेपोहे न्या, तिखट जरा कमी. आमच्याकडे एकदा ते आले आणि तेव्हापासून पिझ्झ्याला कोणी विचारत नाही. मुलगी इलेक्ट्रिकलला बसायला लागली, तर घरी एक बऱ्यापैकी क्रिंपर आणि दहा फूट वायर आणून ठेवा. टीव्ही बघता बघता पन्नास टोकं क्रिंप करायची आणि प्रत्येक ओढून बघायचं. पहिली वीस निघून येतील.